येसूच्या ओटीतली माती

आलात का सगळे? छबू, पाय आत घे. नंद्या, तू भिंतीकडे सरक बघू, मधे झोपतोस आणि लाथा झाडतोस. आणि हे बघा, हुंकार द्यायचा. हुंकार थांबला की गोष्ट थांबली. मग रडून उपयोग नाही.

तर एकदा काय झालं, एका शेतातली माती उठली आणि चालती झाली.

हसता काय रे? चालती झाली म्हणजे दोन पायांवर, माझ्यातुमच्यासारखी. पण का उठली ते आधी ऐका.

डोंगराच्या उतारावर एक गाव होतं, खैरखोल नावाचं. वर जांभा दगड, खाली ओढा, मधे पायऱ्या पायऱ्यांनी उतरत गेलेली भाताची खाचरं. माती लालभडक. चार महिने पाऊस असा कोसळायचा की शेजारच्याला हाक मारली तर ऐकू जायची नाही, आणि मग आठ महिने ऊन.

या गावाची एक तऱ्हा होती. गावातल्या बायका शेत झाडायच्या. होय, शेत! अंगण झाडतो ना आपण, तसं. शिमग्याला देवीची पालखी निघायची आणि शेताशेतातून नाचत जायची. म्हणून त्याच्या आधी, माघ लागला की बायका खराटे घेऊन खाली उतरायच्या. पान उचल, काडी उचल, भाताची धसकटं उपट, शेण पडलं असेल तर तेही घे. सगळा ढीग कातळावर नेऊन पेटवायचा. मागे शेत असं लख्ख की वर ताट न घेता जेवायला बसावं. आणि ईर्षा काय विचारता! अमकीच्या शेतात एक काटकी दिसली, तर वर्षभर पाणवठ्यावर तीच चर्चा.

या गावात खाडीपलीकडून एक सून आली. येसू तिचं नाव. भारी चौकस पोर. कोंबडी पाणी पिताना वर का बघते? फणसाला आतून चीक कोण भरतं? खेकडा सरळ चालायला गेला तर पडेल का? सारखं आपलं काहीतरी विचारायची. नवरा तिचा महादू, गरीब स्वभावाचा. त्याला तिच्या प्रश्नांची मौज वाटायची. नारळ फोडला आणि आत कोंब निघाला, तर तो कोंब गुपचूप येसूसाठी ठेवायचा. येसूलाही तो आवडायचा, घर आवडायचं, गोठ्यातली कबरी गाय आवडायची. राहिली सासू. तिचं नाव भागाबाई. म्हातारीचे गुडघे धरलेले, पण जीभ कशी चालायची, बापरे!

पहिल्या माघात सासूने तिच्या हातात खराटा दिला.

"आत्याबाई, शेत कशाला झाडायचं?"

"पालखीवाल्यांच्या पायात काटा जाईल म्हणून."

"मग काटा तेवढा वेचू. पानांनी काय केलंय?"

"नव्या सुनेनं इतकं विचारू नये," भागाबाई म्हणाली, आणि विषय मिटला. मग येसूनेही कंबर कसून झाडलं. चांगलं लख्ख झाडलं बरं का. करायचं ते मनापासून करणारी होती ती.

मग पाऊस आला, गेला. भात काही उठलं नाही. रोपं पिवळी, कशीबशी गुडघ्याएवढी. लोंब्या धरल्या, पण आत दाणा नाही, नुसतं पोचट. गावात सगळ्यांचंच पीक वर्षागणिक खाली येत होतं. पण हळूहळू येत होतं ना, म्हणून कुणाच्या ध्यानात नव्हतं. भागाबाईचं शेत सगळ्यात उताराला, तिथे सगळ्यात वाईट. आणि त्याच वर्षी घरात नवी सून आलेली. झालं! भागाबाईने ओसरीवर बसून, चार बायका ऐकतील अशा आवाजात सांगून टाकलं, "पांढऱ्या पायाची आहे ही. पुढच्या वर्षी नवं भात दाराला बांधायचं, तेवढं जर आलं नाही ना शेतात, तर हिच्या भावाला बोलावते आणि लावून देते माहेरी. कायमची."

महादू म्हणाला, "आई, असं काय बोलतेस?" पण इतकं हळू म्हणाला की आईला ऐकूच गेलं नाही.

येसूला किती वाईट वाटलं असेल! तिने गाईच्या गळ्याला मिठी मारली आणि पोटभर रडून घेतलं. पण चौकस माणूस फार वेळ रडत बसत नाही. डोळे पुसता पुसताच तिच्या मनात आलं, खरंच, पीक का आलं नसेल? माझे पाय तर चांगले काळेसावळेच आहेत.

झोपलात का? हुंकार कुठाय? हं, अस्सं.

मग कार्तिकातल्या एका दिवशी ती महादूची भाकरी घेऊन शेतावर गेली. भर दुपारची वेळ. महादू बांधावर पाठ करून बसलेला. आणि येसू बघते तर खाचराच्या कोपऱ्यातली माती हलली. फुगली. वर वर आली. आणि बघता बघता तिची एक लाल लुगड्यातली वाळकी म्हातारी झाली. तिने कमरेवर हात ठेवून आळस दिला, पदर खोचला, पडक्या बांधावरून पाय टाकला आणि निघाली. ती होती तिथे मागे काय उरलं? नुसता कातळ, तव्यासारखा तापलेला.

"अहो, बघा! माती चालली!"

महादू वळला, पण त्याला काही दिसलं नाही. "ऊन लागलं तुला. जरा सावलीत बस," तो म्हणाला.

बसते कसली! भाकरी त्याच्या हातात कोंबली आणि येसू पळत सुटली. जमिनीवर लाल पावलं उमटली होती, त्यांच्या मागोमाग.

पावलं ओढ्यापाशी आली. ओढा सुकत आलेला, दगडांतून कसाबसा वाहत होता.

येसू म्हणाली, "ओढेदादा, आमची माती इथून गेली का?"

ओढा खाकरला. त्याचा आवाज घोगरा होता. "कुठली म्हणून सांगू? पावसाळाभर तुमच्या गावची माती माझ्या अंगावरून जाते. तुम्ही तिला उघडी बसवता, वरून पावसाचा मारा, धरायला काडी नाही की मूळ नाही. ती बिचारी करणार काय? वाहत येते. माझा गळा बघ गाळाने कसा भरलाय. बोलवत नाही मला."

"आणि आजची?"

"आजची म्हातारी माझ्यात उतरली नाही. ओलांडून गेली. स्वतःच्या पायांनी चालली म्हणजे भलतीच रागावलेली दिसते. पुढे वारूळ लागेल, तिथे विचार."

मग पुढे वारूळ लागलं, चांगलं पुरुषभर उंच. येसूने त्याला कान लावला. आत वाळव्यांची एवढी गडबड की विचारू नका. एक बोलायला लागली की सगळ्या बोलायच्या.

"आम्ही तुझ्याच बांधात राहायचो गं! गांडुळं आमची शेजारी! भुंगेरे यायचे, गोमा यायच्या! मग खायला मिळेना! गांडुळं आधी गेली, मग आम्ही! काय खाणार, तुझा खराटा?"

"पण माती का गेली?"

"अगं, तिलाही भूक लागते की!"

येसू थबकली. "माती खाते?"

हे ऐकून वाळव्या इतक्या हसल्या, इतक्या हसल्या, की वारुळाचा एक शेंडा खाली पडला. "भात कापते, रांधते, जेवते, आणि विचारते माती खाते का! जा त्या देवराईत. आत्ता जेवायला बसली असेल बघ."

देवराई म्हणजे देवाच्या नावाने राखलेलं रान. तिथून कुणी वाळकी काटकीसुद्धा उचलायची नाही, अशी रीत. येसूने बाहेरूनच हात जोडले आणि हळूच आत गेली. आत इतकं गार वाटलं तिला! पाय ठेवला की पातेऱ्यात घोट्यापर्यंत रुतायचा. पातेरा म्हणजे झाडाखाली साचतो ना वाळक्या पानांचा थर, तो.

मोठ्या बेहड्याच्या बुंध्याशी म्हातारी बसली होती. पण लुगडं आता लाल नव्हतं, काळंभोर झालं होतं. आणि खात होती! एक कुजकं पान, एक काटकी, एक भुंगेऱ्याचा पंख, एक पक्ष्याची शीट, एक सडका आंबाडा. मचामचा खात होती. येसू बघतच राहिली.

"काय बघतेस?" म्हातारी तोंडातला घास गिळून म्हणाली.

"तुम्हाला इथे कोण वाढतं?"

"झाडं वाढतात. रोज, न मागता."

"आणि आमच्याकडे?"

झालं, म्हातारी तडकली. "तुमच्याकडे? तुमच्याकडे बारा वर्षांत एक पान मिळालं नाही मला! भात नेलंत, ठीक आहे, तुमच्याचसाठी पिकवलं. पेंढा नेलात. धसकटंही नेलीत. गाईने दिलेलं शेण, ते माझ्या तोंडासमोरून उचललंत. आणि वर खराटा! एखाद्या बाईच्या घरातलं सगळं न्यायचं आणि तिच्यापुढे एक घास ठेवायचा नाही, ही कुठली रीत गं? अंगावर पांघरूण नाही. पावसात उघडी, उन्हात उघडी. रोपांना काय पाजू, माझं कपाळ? आटले मी."

येसू मटकन खाली बसली. तिला माघातला आपला खराटा आठवला. किती चोख झाडलं होतं तिने! "मीच झाडलं हो," ती म्हणाली, "मला ठाऊक नव्हतं. तुम्ही परत चला. तुम्ही आला नाहीत तर भात येणार नाही आणि मला घरातून घालवून देतील."

"नाही येत जा. मला इथली सवय झाली."

पण येसूचे प्रश्न संपले नव्हते ना! ती सरकून जवळ बसली. तुम्हाला जास्त काय आवडतं, शेण की पान? वालाची मुळं गोड लागतात म्हणतात, खरं का? गांडुळं नसली तर तुमच्या अंगाला कळ लागते का? विचारतच राहिली. लबाडी नव्हती हो तिच्या मनात, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. आणि म्हातारी आधी फणकाऱ्याने, मग नीट, मग चवीचवीने सांगायला लागली. शेण कुजलेलं बरं, ताजं बाधतं. वाल, कुळीथ, चवळी या पोरी चांगल्या, त्यांच्या मुळांच्या गाठींत खाऊ असतो, जाताना ठेवून जातात. आणि गांडुळं नसली की अंग आखडतं, पाणी आत मुरत नाही. सांगता सांगता म्हातारीने हातातलं पान खाली ठेवलं. तिचे डोळे भरून आले.

"बारा वर्षं तुमच्यापायी राबले," ती म्हणाली, "पण मला काय हवं, हे कुणी विचारलं नव्हतं गं."

मग तिने येसूला पदर पसरायला सांगितला. सवाष्णीची ओटी भरतात ना, तशी तिची ओटी भरली. तांदूळ नाहीत, नारळ नाही. तीन ओंजळी काळी माती.

"ही माझी मूठभर जान. नेऊन शेतात मिसळ. मला उपाशी ठेवू नकोस, उघडी ठेवू नकोस, एकटी ठेवू नकोस. हिच्या जोरावर बाकीची मी उठून उभी राहीन. पण पुन्हा खराटा लागला तर ही जाईल, आणि मग देवराईतसुद्धा तुला दिसायची नाही."

मग येसू कामाला लागली. महादूला सगळं सांगितलं. त्याला काही पटलं नाही, पण बायकोचा चेहरा बघून तो पडका बांध रचायला लागला. तेवढं पुरे झालं. ओलाव्यावर दोघांनी वाल आणि कुळीथ पेरला. येसूने डोंगरातून टोपल्या टोपल्या पातेरा आणला, गोठ्यातलं कुजलेलं शेण आणलं, सगळं पसरलं. माघ लागल्यावर रोज सकाळी ती सासूसमोरून खराटा घेऊन खाली उतरायची आणि संध्याकाळी परत आणायची. झाडलं मात्र नाही एकदाही. भागाबाईच्या गुडघ्यांमुळे तिला खाली उतरता यायचं नाही, म्हणून निभावलं.

निभावलं ते शिमग्यापर्यंत. पालखीच्या दिवशी भागाबाई काठी टेकत टेकत खाली आली. आणि बघते तर काय! सगळ्या गावाची शेतं लख्ख, आणि हिच्या शेतात पानं, काटक्या, वालाचे वेल, शेण!

"अगं कैदाशिणी!" भागाबाई ओरडली. "नाक कापलंस माझं! आण तो खराटा!"

वरच्या अंगाला ढोल वाजत होता. पालखी दोन शेतं पलीकडे आली होती. भागाबाईने खराटा हिसकावला. आता काय करायचं? येसू सरळ शेताच्या मधोमध फतकल मारून बसली. "मला मारा आत्याबाई, पण पानाला हात लावू नका."

तिला वाटलं, आता पाठीत बसतो खराटा. पण म्हातारीचा हात वरच राहिला आणि तिला रडू फुटलं.

"मी काय हौसेनं झाडते का गं?" ती म्हणाली. "तुझा सासरा पालखीचा पहिला मानकरी होता. बारा वर्षांपूर्वी, याच शेतात, त्यांच्या पायात काटा गेला. पडले ते. पालखी कलंडली. सगळ्या गावानं बघितलं. मरेपर्यंत पुन्हा पालखीला खांदा दिला नाही त्या माणसानं. ओसरीवर तोंड फिरवून बसायचे, ढोल ऐकू आला की. तेव्हा मी खराटा हातात घेतला. माझं बघून मग सगळ्यांनी."

येसूला यातलं काहीच ठाऊक नव्हतं. इतकं विचारलं होतं तिने सगळ्यांना, पण हे विचारायचं राहूनच गेलं होतं. ती उठली, सासूचा हात धरला आणि म्हणाली, "आत्याबाई, एकदाच हात घाला पानांखाली. मग तुम्ही सांगाल ते."

भागाबाई कण्हत कण्हत वाकली. पानं बाजूला केली. फाल्गुनाचं ऊन, गावभर जमीन भेगाळलेली, आणि इथे हात गार ओल्या मातीत मनगटापर्यंत गेला. एक लठ्ठ गांडूळ बोटांवरून सरकत गेलं. म्हातारीने मूठभर माती नाकाशी धरली. कितीतरी वेळ धरली.

"मी लग्न होऊन आले तेव्हा हा वास होता," ती म्हणाली.

एवढ्यात पालखी बांधावर आली आणि थांबली. ढोलही थांबला. एक जण म्हणाला, "भागाकाकी, यंदा शेत झाडलं नाही?"

भागाबाई काठी टेकून ताठ उभी राहिली. "नाही झाडलं. माझी सून झाडू देत नाही. नाचायचं तर असंच नाचा, नाहीतर जा पुढच्या शेतात."

माणसं एकमेकांकडे बघायला लागली. पण पालखीच पुढे ओढ घ्यायला लागली. असं होतं कधी कधी, देवीच्या मनात आलं की खांद्यावरच्यांचं काही चालत नाही. ओढत ओढत पालखी शेतात उतरली. पाय मऊ मऊ पानांत रुतले आणि ढोल जो सुरू झाला! इतर शेतांत पावलांना चटके बसत होते, इथे गारवा. दिवस मावळेपर्यंत पालखी हललीच नाही तिथून.

काटा लागला का, विचारतेस छबू? लागला की! एकाला लागला. तो खाली बसला, येसूने सुईने काटा काढला, तो पुन्हा उठला आणि नाचायला लागला. एवढंच होतं बघा. भागाबाईने ते बघितलं आणि तोंडाला पदर लावला. हसत होती की रडत होती, ते काही मला कळलं नाही.

मग पाऊस आला. सगळ्या शेतांतून लाल पाणी धावलं, येसूच्या बांधातून निघालं ते निवळशंख. रोपं आली हिरवीगार. एक कोपरा मात्र पिवळाच राहिला बरं का, कातळ उघडा पडला होता तो. एका वर्षात सगळं भरून येत नाही. पण बाकीचं शेत लोंब्यांनी वाकलं. नवं भात दाराला बांधलं, आणि दुसऱ्याच दिवशी येसूचा भाऊ दारात हजर! गेल्या वर्षीच भागाबाईने निरोप धाडून ठेवला होता ना, नवं झालं की ये म्हणून. आणि मागे घ्यायला ती विसरली होती.

बिचारा बहिणीला न्यायला आलेला, चेहरा उतरलेला. येसू दाराआड उभी राहून ऐकत होती.

भागाबाई म्हणाली, "आलात? बसा. नव्या तांदळाचा भात आहे, पोटभर जेवा. आणि एकटेच परत जा. शेताला काय हवंय ते हिलाच तेवढं कळतं, आणि या घराला कोण हवंय ते मला कळतं."

मग काय! येसू आत जाऊन चुलीपाशी रडली, आणि रडता रडता तिने भात वाढला. महादू खुशीत इतका जेवला की त्याला उठवेना. पुढच्या माघात गावातल्या बायका खराट्याऐवजी टोपल्या घेऊन येसूच्या दारात आल्या, आणि भागाबाईने ओसरीवर बसून एकेकीला बजावलं, पान कसं पसरायचं, शेण किती कुजवायचं. जसं काही तिनेच सगळं शोधून काढलं होतं!

मग खैरखोलात सगळे पोटभर जेवायला लागले आणि सुखाने झोपायला लागले. आता तुम्हीही झोपा. नंद्या, डोळे मिट, मला दिसतंय. छबू, पांघरूण ओढून घे. उरलेले प्रश्न सकाळी विचारा, सगळ्यांची उत्तरं देईन, पण आधी तोंड धुवायचं.